केरो : पुराने न बुडालेले, तरीही रिकामे झालेले शहर

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला ओहायो नदी मिसिसिपीला मिळते. त्या संगमावरील चिंचोळ्या भूमीवर केरो वसले आहे. नाव इजिप्तच्या कैरोवरून घेतलेले. उच्चार मात्र खास तिथला!

१८४२ साली येथे आलेल्या चार्ल्स डिकन्सला दलदल आणि रोगराईच दिसली. पण १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटताच जनरल ग्रँटने याच ठिकाणी तळ दिला, कारण दक्षिणेत उतरणारा जलमार्ग येथून हाती येत होता. पुढे आगबोटी आणि रेल्वेमुळे शहर वाढले. १९२० साली लोकसंख्या १५,२०३ होती. २०२० च्या जनगणनेत ती उरली अवघी १,७३३.

दोष नद्यांचा नव्हे. १९३७ च्या महापुरातही केरोचे बांध टिकले. २०११ मध्ये तर शहर वाचावे म्हणून सैन्याच्या अभियंत्यांनी पलीकडच्या मिझुरीतील बांध सुरुंगाने उडवला आणि सुमारे १,३०,००० एकर जमीन पाण्याखाली गेली.

आगबोटींचा काळ सरला, पूल झाले, व्यापार पुढे निघून गेला, हे खरेच. परंतु अशी स्थित्यंतरे अनेक नदीकाठच्या शहरांनी पचवली. केरोत १९०९ साली हजारोंच्या जमावाने विल जेम्स या कृष्णवर्णीयाला ठार मारले. साठच्या दशकात कृष्णवर्णीयांना प्रवेश द्यावा लागेल म्हणून पोहण्याचा तलावच बंद झाला. १९६९ पासून कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. मागणी साधी होती : आम्हालाही नोकऱ्या द्या. कित्येक दुकानदारांनी त्यापेक्षा दुकानांना कायमचे टाळे ठोकणे पसंत केले.