सेंतोसा: ज्या बेटाचं नाव आधी ‘मरण’ होतं

तुमच्यापैकी कुणीतरी सिंगापूरला जाऊन आलंच असेल. नसेल, तर घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काका-मावशींचे फोटो नक्की पाहिले असतील. युनिव्हर्सल स्टुडिओजचा तो मोठा फिरता गोल, आणि त्याच्यासमोर हात पसरून उभे आपले काका. तो गोल सेंतोसा बेटावर आहे. मीही टूरबरोबर तिथे गेले होते. गाईडने अर्धा दिवस मोकळा दिला, सगळे राइड्सकडे पळाले. मला उंचीची भीती, म्हणून मी बेटाच्या पश्चिम टोकाला सिलोसो किल्ल्याकडे गेले. आजचा भाग त्यातूनच सुचलाय.

आधी नावाचं बघू. सेंतोसा हा मलय शब्द, अर्थ शांती-समाधान. तो आला संस्कृतमधल्या ‘संतोष’वरून. म्हणजे आपल्या गल्लीतल्या संतोषदादाचं नाव त्या बेटाला आहे! पण हे नाव जेमतेम पन्नासेक वर्षांचं. त्याआधी बेटाला म्हणायचे पुलाउ ब्लाकांग माती. पुलाउ म्हणजे बेट, ब्लाकांग म्हणजे मागे, आणि माती म्हणजे (आपली माती नव्हे हं) मेलेला, मरण. हे नाव का पडलं, याच्या गोष्टी बऱ्याच आहेत. कुणी समुद्री चाच्यांचं नाव घेतं, कुणी एकोणिसाव्या शतकात इथे पसरलेल्या तापाच्या साथीचं.

सिंगापूर बंदराच्या अगदी तोंडावर हे बेट. त्यामुळे ब्रिटिशांनी इथे किल्ले बांधले, तोफा बसवल्या: सिलोसो, सेरापोंग, कॉनॉट. ‘सिंगापूरच्या तोफा समुद्राकडेच तोंड करून होत्या, म्हणून जपानी जमिनीवरून आरामात आले’ हे तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये ऐकलं असेल. ते अर्धवट आहे. इथल्या तोफा वळवून जमिनीकडेही डागल्या गेल्या. पण त्यांचे बरेचसे गोळे जहाजाचं पोलाद फोडायला बनवलेले, पसरलेल्या सैन्यावर त्यांचा फारसा उपयोग नव्हता. 15 फेब्रुवारी 1942 ला ब्रिटिशांनी शरणागती पत्करली.

त्यानंतर जपान्यांनी सिंगापूरमधल्या चिनी पुरुषांना वेचून वेचून मारलं. या हत्याकांडाला ‘सूक चिंग’ म्हणतात. अनेकांना समुद्रात नेऊन गोळ्या घातल्या आणि प्रेतं वाहत वाहत ब्लाकांग मातीच्या किनाऱ्याला लागली. कैदेत जाण्याची वाट बघत असलेल्या ब्रिटिश तोफचींनी त्यातली सुमारे 300 प्रेतं पुरली. आज त्या बाजूला गोल्फ क्लब आहे.

युद्धानंतर बेट पुन्हा लष्कराकडे गेलं आणि 1967 मध्ये सिंगापूर सरकारच्या हाती आलं. आता याचं करायचं काय? एस्सो कंपनीला तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी जागा हवी होती आणि हे बेट चर्चेत होतं. सिंगापूरचे डच आर्थिक सल्लागार आल्बर्ट विन्सेमियस यांनी हात आडवा घातला. त्यांचं म्हणणं, शहराच्या इतक्या जवळचं हिरवं बेट लोकांना फिरायला ठेवा. एस्सोचा कारखाना दुसऱ्या बेटावर गेला. आजचे सगळे बीच आणि रिसॉर्ट त्या एका नकारावर उभे आहेत म्हटलं तरी चालेल. पण बेटावर गावंही होती, आणि तिथल्या लोकांना उठून मुख्य सिंगापूरला जावं लागलं. टूरच्या माहितीपत्रकात त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती.

मग लोकांकडून नावं मागवली गेली, मरणाचं झालं समाधान. 1972 मध्ये विकास महामंडळ आलं, 1974 मध्ये केबल कार. जानेवारी 1983 मध्ये तेलविहिरी खोदणाऱ्या एका जहाजाचा उंच मनोरा तारेत अडकला, दोन डबे समुद्रात कोसळले आणि सात माणसं गेली. तरी पर्यटक येत राहिले.

आता ज्या माणसासाठी मी हा भाग केला, त्याच्याकडे येते. चिया थाय पो. फिजिक्सचा प्राध्यापक, विरोधी पक्षाचा खासदार. 1966 मध्ये अटक झाली तेव्हा वय पंचविशीचं, म्हणजे तुमच्याएवढंच. सरकार म्हणालं, हा कम्युनिस्ट पार्टीचा माणूस आहे. तो म्हणाला, नाही. खटला कधी चाललाच नाही. हिंसेचा त्याग करतो असं लिहून दिलं असतं तर कदाचित सुटला असता, पण जे मी केलंच नाही त्याचा त्याग कसला, या भूमिकेवरून तो हलला नाही. तेवीस वर्षं स्थानबद्धतेत गेली.

1989 मध्ये त्याला तुरुंगातून काढलं आणि ठेवलं कुठे? सेंतोसावर. पहारेकऱ्याच्या एका खोलीत. बेट सोडायची परवानगी नाही. वर त्या खोलीचं भाडंही त्यानेच भरायचं, कारण कागदोपत्री तो ‘मोकळा’ होता! पोटापाण्यासाठी तो भाषांतराची कामं करायचा, तीही सेंतोसाच्याच महामंडळासाठी. आजूबाजूला आइस्क्रीम खाणारी पोरं, कॅमेरे घेऊन हिंडणारे पर्यटक आणि मधे हा कैदी. 1992 मध्ये त्याला मुख्य सिंगापूरला राहायला जाऊ दिलं. त्याच वर्षी बेटाला जोडणारा पूलही सुरू झाला. उरलेली बंधनं उठली 1998 मध्ये. म्हणजे एकूण बत्तीस वर्षं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 2010 मध्ये कॅसिनो आणि युनिव्हर्सल सुरू झालं. 2018 मध्ये ट्रम्प आणि किम जोंग उन इथल्याच हॉटेलात भेटले. त्या हॉटेलातल्या जुन्या इमारती ब्रिटिश लष्कराच्या वेळच्या आहेत.

मी किल्ल्यावरून परतले तेव्हा ग्रुपमधल्या एक काकू म्हणाल्या, ‘अगं, तिकडे काय होतं बघण्यासारखं?’ बस सुटत होती, सांगायला वेळ मिळाला नाही. काकू, ऐकत असाल तर, हे होतं. आणि सिलोसो किल्ल्याला तिकीट नाही.