गुरांमागें गेलेली शाळा

खेड्यांतील मूल शाळेंत नांव घालतें आणि वर्ष पुरें होण्यापूर्वींच दिसेनासें होतें, तेव्हां शहरांतील सुशिक्षित मनुष्य चटकन् निदान करतो: आईबापांना विद्येची किंमत नाहीं. हें निदान कितपत खरें, याची परीक्षा डहाणूच्या भूमींत एकदां नीट झालेली आहे.

ही गळती कांहीं एकट्या डहाणूची नव्हे. १९२९ च्या हार्टोग समितीनें दाखविलें कीं, १९२२-२३ सालीं पहिल्या इयत्तेंत असलेल्या शंभर मुलग्यांपैकीं तीन वर्षांनीं चौथींत विसांहूनहि कमी उरले होते. डहाणू-तलासरीकडे, रानशेतापासून कोसबाडपर्यंतच्या वारली पाड्यांत, तिचें कारण उघड होतें. बाप लग्नाच्या कर्जापायीं जमीनदाराच्या शेतावर वेठीस राबे, आई गवत कापावयास जाई. मग थोरला मुलगा गुरांमागें आणि त्याची बहीण तान्ह्या भावंडाला काखेंत घेऊन घरीं. शाळेची घंटा वाजे ती नेमकी याच कामांच्या वेळीं. शिवाय पुस्तकांतील मराठी या मुलांच्या घरच्या बोलीहून निराळी. मे १९४५ मध्यें तलासरीनजीकच्या झरी येथें वारली एकत्र जमले आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वेठीविरुद्ध उभे राहिले.

त्याच वर्षीं ताराबाई मोडक यांनीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तींतील मुलें बालवाडीकडे फिरकत ना; तेव्हां बालवाडीच वस्तीच्या अंगणांत नेऊन मांडण्यांत आली. महागड्या साधनांच्या जागीं शिंपले, बिया, खडे आणि पानें आलीं. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफून विकासवाडी झाली. भावंड पाळण्यांत निजलें कीं बहिणीचे हात पाटीसाठीं मोकळे होत. जीं मुलें गुरें सोडून येऊं शकत नव्हतीं, त्यांच्यासाठीं शिक्षकच कुरणांत गेले. हीच ती कुरणशाळा. तिच्यासाठीं गुराख्याला आपलें काम टाकावें लागलें नाहीं.

परीक्षेचा निकाल असा: विद्या नको होती असें नव्हे; तिची वेळ आणि जागा घरच्या पोटापाण्याच्या आड येत होती. अंगणवाडी हें नांव पुढें, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या योजनेमुळें, देशभर पोंचलें. परंतु घरच्या कामाशीं शाळेचा मेळ घालण्याची कुरणशाळेची रीत तितकी दूर गेली नाहीं. २०१० पासून मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अंमलांत आहे. तरीहि भातकापणी आटोपली कीं याच भागांतील कित्येक कुटुंबें वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात, आणि मूल आईबापांबरोबर जातें. अशा वेळीं हजेरीपटावर गैरहजेरी मांडणें सोपें असतें. ताराबाई व अनुताई यांनीं मात्र मूल कोठें गेलें हें आधीं विचारलें आणि त्याच वाटेनें शाळा नेली.