पतमाहिती अहवालातील चुकांची दुरुस्ती

पतमाहिती अहवालातील चुकांची दुरुस्ती ही आपल्या कर्जव्यवहारांच्या चुकीच्या नोंदींवर आक्षेप घेऊन त्या बदलून घेण्याची भारतातील वैधानिक प्रक्रिया आहे. तिचा आधार पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ हा असून तो १४ डिसेंबर २००६ रोजी अमलात आला. बोलीभाषेत या अहवालाला सरसकट ‘सिबिल’ म्हटले जाते. प्रत्यक्षात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या स्वतंत्रपणे अहवाल तयार करतात. त्यामुळे एका अहवालातील चूक दुसऱ्यात असेलच असे नाही, आणि चारही अहवाल तपासणे इष्ट ठरते. जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे.

चुकांचे स्वरूप

फेडलेले कर्ज चालू दिसणे, वेळेवर भरलेला हप्ता थकीत दाखवला जाणे, एकच कर्ज दोनदा नोंदले जाणे किंवा कधीही न घेतलेले कर्ज आपल्या नावावर आढळणे या नेहमीच्या चुका आहेत. शेवटचा प्रकार दोन व्यक्तींच्या नोंदी एकत्र झाल्याने होतो, तसाच कागदपत्रांच्या गैरवापरानेही होतो. नावांतील तफावत हे अशा सरमिसळीचे एक कारण असते. मराठी नावांत वडिलांचे नाव कधी मध्ये येते, कधी गळते. विवाहानंतर अनेक स्त्रियांचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, शिवाय रोमन लिपीतील लेखन प्रत्येक कागदावर वेगळे असू शकते.

दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तीच्या अहवालात ते कर्ज दिसणे मात्र चूक नव्हे. तडजोडीने कमी रक्कम भरून मिटवलेले कर्ज ‘पूर्ण फेडलेले’ असे न दिसता ‘तडजोड’ म्हणून दिसते, तीही चूक मानली जात नाही.

प्रक्रिया

आक्षेप पतमाहिती कंपनीकडे किंवा थेट कर्ज देणाऱ्या संस्थेकडे नोंदवता येतो. मात्र अधिनियमाच्या कलम २१ नुसार, संबंधित संस्थेने बदल बरोबर असल्याचे प्रमाणित केल्याशिवाय पतमाहिती कंपनीला नोंद बदलता येत नाही. म्हणजे ज्या बँकेने चुकीची माहिती पाठवली, तिनेच चूक मान्य करावी लागते. या प्रक्रियेतील खरी अडचण येथेच आहे. कंपनी आक्षेप बँकेकडे धाडते, बँकेने मूळ माहितीच पुन्हा खरी ठरवली तर नोंद कायम राहते. म्हणून कर्जफेडीचा दाखला, खातेउतारा, नाहरकत प्रमाणपत्र यांच्या प्रती जोडून कंपनीबरोबरच बँकेलाही लेखी कळवणे अधिक परिणामकारक ठरते. बँकेने विनंती नाकारल्यास तिने कारण कळवणे आवश्यक आहे.

मुदत व भरपाई

दुरुस्तीसाठी ३० दिवसांची मुदत आहे. ती पाळली न गेल्यास पूर्वी तक्रारदाराच्या हाती फारसे काही नव्हते. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेल्या आणि २६ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या परिपत्रकानुसार ३० दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देय आहे. बँकेने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही तर भरपाई तिच्याकडून, आणि ती वेळेत पाठवूनही पतमाहिती कंपनीने विलंब केला तर कंपनीकडून मिळते. तक्रारीचा निकाल लागल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम तक्रारदाराच्या खात्यात जमा व्हावी लागते.

लोकपाल

तक्रार फेटाळली गेल्यास, उत्तर समाधानकारक नसल्यास किंवा ३० दिवसांत उत्तरच न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. पतमाहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपाल योजनेच्या कक्षेत आहेत.

मर्यादा

पतगुणांक (सिबिलच्या बाबतीत ३०० ते ९००) कसा काढला याविषयीच्या तक्रारीला वरील भरपाई लागू नाही. भरपाई केवळ विलंबासाठी आहे. दरम्यान गृहकर्ज नाकारले गेले किंवा अधिक व्याजदराने घ्यावे लागले, तर ते नुकसान तिच्या हिशेबात धरले जात नाही. नोंदीविषयीचा वाद न्यायालयात, न्यायाधिकरणापुढे किंवा लवादापुढे प्रलंबित असेल, तर तो निकाली निघेपर्यंत कलम २१ खालील दुरुस्तीही थांबते.