सहासष्ट गावांचं बेट

ओक ट्री रोडवर कुणी विचारलं, ‘मुंबईत कुठले?’ तर तुमच्यापैकी बरेच जण आईबाबांचं गाव सांगतील: बोरिवली, मुलुंड, अंधेरी, नाहीतर ठाणे. यातलं एकही ठिकाण जुन्या मुंबई बेटावर नाही. ते बेट माहीम-शीवपाशीच संपतं. खाडीपलीकडे उत्तरेला जे मोठं बेट आहे, त्याचं नाव साष्टी. इंग्रजी नकाशांत ‘सालसेट’. मीही परदेशात शिकताना बिनदिक्कत ‘मुंबईची’ म्हणून मोकळी व्हायचे.

शिलाहार राजा छित्तराज याचा १०२६ सालचा ताम्रपट भांडुपला सापडला. त्यात नऊर गावातली जमीन दान दिलीय आणि गाव ‘षट्षष्टी’ विषयात असल्याचं म्हटलंय. (विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा, शाळेतला नव्हे!) नऊर म्हणजे आजचं नाहूर, भांडुप आणि मुलुंडच्या मधलं स्टेशन. षट्षष्टी म्हणजे सहासष्ट, सहासष्ट गावांचा मुलूख. तेच नाव तोंडी घासून साष्टी झालं.

म्हणजे देव नाही, डोंगर नाही, चक्क आकडा. शिलाहार आपल्या कोकणालाही ‘चौदाशे गावांचं’ म्हणत. गोव्यात तीसवाडी आहे, बारदेश आहे (याचा अर्थ बारा देश असा लावतात), आणि मडगावकडे आणखी एक सासष्टी आहेच.

जपानमध्येही हेच दिसतं. शिकोकू म्हणजे चार प्रांत, क्यूशू म्हणजे नऊ. सातव्या-आठव्या शतकात तिथल्या दरबारानं चीनच्या धर्तीवर राज्याचे प्रांत पाडले, आणि बेटांना त्यांच्यावरच्या प्रांतांची संख्या चिकटली. पुढे मेइजी सरकारनं कारभाराची नवी विभागणी केली. आज क्यूशू बेटावर सातच प्रीफेक्चर आहेत, तरी नाव नऊचंच.

माझ्या मते अशी नावं आत राहणारा माणूस ठेवत नाही. तो नाहूर म्हणतो, मालाड म्हणतो. सहासष्टपर्यंत मोजायची गरज वसुली करणाऱ्याला.

गंमत म्हणजे वसुली करणारे बदलत गेले: १५३४ मध्ये पोर्तुगीज, १७३७ मध्ये चिमाजी अप्पांचे मराठे, १७७४ मध्ये इंग्रज. नाव कुणीच बदललं नाही. ते मागे पडलं ते स्वतंत्र भारतात, आणि तेही कुणी न ठरवता. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली, १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. साष्टीचा बराचसा भाग ‘उपनगर’ झाला. सहासष्ट गावांना एका शहराची मागची बाजू ठरवणारा हा शब्द मला तरी खटकतो.

तुमच्या एडिसनची गोष्ट वेगळी. १९५४ पर्यंत ही रॅरिटन टाउनशिप होती. मग मेन्लो पार्कमध्ये प्रयोगशाळा थाटणाऱ्या थॉमस एडिसनचं नाव इथे जाणूनबुजून दिलं गेलं. रॅरिटन हे इथल्या मूळ रहिवाशांचं नाव, ते आता नदीकडे उरलंय. म्हणजे हे एडिसन झालं, त्यानंतर तीन वर्षांनी बोरिवली मुंबईत गेली.

साष्टीकडे नदीही नाही. वांद्र्याच्या एका जुन्या हाउसिंग सोसायटीच्या नावात ‘साल्सेट’ सापडतं. बाकी खूण बोलण्यात आहे: ठाण्यातली जुनी माणसं लोकल पकडताना अजून म्हणतात, ‘जरा मुंबईला जाऊन येतो.’