पतसंस्था, दूध संस्थेसाठी सर्व्हर घेताय? आधी लायसन्स मोजा, मग कोटेशन मागवा

तालुक्यातल्या पतसंस्था, दूध संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी सेवा केंद्रं अशा ठिकाणी आता पाच-दहा कॉम्प्युटर एकाच हिशेबावर चालतात. हा हिशेब ज्या मशीनवर असतो तो सर्व्हर. तो बंद पडला की काउंटर बंद, आणि त्यातली माहिती गेली तर सभासदांच्या ठेवी नि उचलीचा पुरावाच गेला. तरीही बऱ्याच ठिकाणी विक्रेता देईल ते कोटेशन मासिक सभेत मंजूर होतं. ठराव करण्याआधी खालच्या गोष्टी पाहून घ्याव्यात.

सर्व्हर खरंच लागतो का?

दोन-तीन कॉम्प्युटर असतील आणि सॉफ्टवेअर इंटरनेटवरून चालत असेल, तर वेगळा सर्व्हर घेऊ नये. विकास सोसायट्यांसाठी केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. तिचं सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे. अशा सोसायटीने त्याच कामासाठी वेगळ्या सर्व्हरवर पैसे घालू नयेत. मात्र नेट वारंवार जात असेल आणि पाचपेक्षा जास्त जण एकाच वेळी नोंदी करत असतील, तर ऑफिसातलाच सर्व्हर कामाला येतो.

लायसन्सचं गणित

मशीनची किंमत सगळे विचारतात, लायसन्सची कोणी विचारत नाही. फसगत तिथेच होते. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये दोन खर्च असतात. एक सर्व्हरचा. तो प्रोसेसरच्या कोअरवर ठरतो आणि एका सर्व्हरला कमीत कमी १६ कोअरचं लायसन्स घ्यावं लागतं. दुसरा खर्च सर्व्हर वापरणाऱ्यांचा. त्याला सीएएल म्हणतात.

सीएएल दोन प्रकारचं असतं, माणसाच्या नावे किंवा मशीनच्या नावे.

• समजा, पतसंस्थेत ७ कॉम्प्युटर आहेत आणि दोन पाळ्यांत मिळून १४ कर्मचारी त्यावर बसतात. इथे मशीनच्या नावे ७ सीएएल पुरतात. माणसांच्या नावे घेतली तर १४ लागतील, म्हणजे दुप्पट.
• उलट, दूध संस्थेचे ४ कर्मचारी ऑफिसचा कॉम्प्युटर, लॅपटॉप आणि मोबाईल अशा तिन्हींवरून काम करत असतील तर माणसाच्या नावे ४ पुरतात. मशीनच्या नावे १२ लागतील.

छोट्या संस्थेसाठी विंडोज सर्व्हर २०२२ ची एसेन्शियल्स आवृत्ती आहे. तिला सीएएल लागत नाही. मात्र मर्यादा २५ वापरकर्ते आणि ५० मशीनची, प्रोसेसरही एकच आणि १० कोअरपर्यंतचा. पुढे शाखा वाढून माणसं २५ च्या वर गेली की स्टँडर्डवर जावंच लागतं. तो खर्च आजच डोक्यात ठेवावा.

शाखेतून किंवा घरून रिमोट डेस्कटॉपने काम करायचं असेल तर त्याचं सीएएल वेगळं, तेही नेहमीच्या सीएएलच्या जोडीला. जुन्या आवृत्तीचं सीएएल नव्या सर्व्हरला चालत नाही, नव्या आवृत्तीचं जुन्याला चालतं. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्याच मशीनशी बांधलेलं असतं; मशीन बदललं की ते संपलं.

लिनक्सला माणशी पैसे पडत नाहीत. पण संस्थेचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, आणि बिघाड झाला तर तालुक्यात दुरुस्त करणारा आहे का, हे आधी विचारावं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्सही वेगळंच असतं. टॅलीचं सिल्व्हर एका कॉम्प्युटरला, तर गोल्ड एका नेटवर्कमधल्या अनेक कॉम्प्युटरना चालतं.

उद्याची जागा आज ठेवा

पाच वर्षांनी सभासद वाढणार, नोंदी वाढणार. म्हणून मशीन भरलेलं नको, मोकळ्या जागा असलेलं हवं.

• रॅम : १६ जीबी घ्यायची असेल तर एकच १६ ची पट्टी घ्यावी. चार-चारच्या चार पट्ट्यांनी सगळे स्लॉट भरले तर पुढे जुन्या काढून टाकाव्या लागतात. रॅम ईसीसी असावी, ती बारीक चुका आपोआप दुरुस्त करते.
• डिस्क : दोनच डिस्क लावा, पण चार बसतील असा टॉवर घ्या. दोन टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये लावल्या तर जागा दोनच टीबी मिळते, पण एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. रेड ५ ला कमीत कमी तीन डिस्क लागतात. दोन टीबीच्या तीन लावल्या तर चार टीबी जागा मिळते.
• वीज : यूपीएस हवाच. बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप नीट बंद होईल अशी सोय करून घ्यावी. अचानक वीज गेली तर डेटाबेस खराब होऊ शकतो.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

चुकून नोंद पुसली किंवा व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर रेडच्या दोन्ही डिस्कवर तेच होतं. म्हणून माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर ठेवावी. बाहेरची हार्ड डिस्क बॅकअप झाला की काढून ठेवावी, लावूनच ठेवली तर व्हायरस तिलाही सोडत नाही. महिन्यातून एकदा बॅकअप उघडून पाहावा. मार्च एंडिंगला तो उघडला नाही तर उपयोग काय?

कोटेशनमध्ये हे लिहून घ्या

१. सर्व्हरची आवृत्ती, सीएएल किती आणि कोणत्या प्रकारचे, त्याचा वेगळा दर.
२. रॅमचे आणि डिस्कचे किती स्लॉट मोकळे राहतील.
३. वॉरंटी किती वर्षं आणि इंजिनिअर जागेवर येणार का.
४. जुना डेटा नव्या सर्व्हरवर नेण्याचा खर्च कोणाचा.
५. लायसन्सची कागदपत्रं संस्थेच्याच नावावर असावीत. मुख्य पासवर्ड विक्रेत्याकडे न ठेवता सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवावा.

निदान तीन कोटेशन घ्यावीत आणि तिन्ही याच पाच मुद्द्यांवर शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. स्वस्त वाटणाऱ्या कोटेशनमध्ये सीएएलचा रकानाच नसेल, तर तो खर्च नंतर संस्थेच्याच माथी येतो.