नवघरचे वर्ष आणि छायाचित्राची नोंद

छायाचित्रणाची कला 1839 मध्ये जगापुढे आली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, 1854 मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेच्या आरंभीच्या भारतीय उपासकांपैकी एक होते. मात्र त्या काळातील कॅमेरा प्रामुख्याने वास्तू, लेणी आणि माणसांकडे वळला. वसईच्या खाडीलगतच्या नवघरसारख्या गावांचा परिसर रोज टिपण्याची प्रथा तेव्हा रुजली नाही.

वस्तुतः वर्षभर, दररोज, एकाच जागेवरून घेतलेल्या छायाचित्रांची मालिका या भूमीला विशेष साजेशी आहे. कारण भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत अडवून ते उन्हाने आटवणारे इथले मिठागर ऋतूंगणिक रूप पालटते. पावसाळ्यात ते जलमय असते, त्यानंतर बांधबंदिस्ती होते आणि उन्हाळ्यात मिठाच्या पांढऱ्या राशी उभ्या राहतात. 1985 मध्ये नवघरचा समावेश असलेली मिरा-भाईंदर नगरपरिषद व 2002 मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली आणि या परिसरात इमारती दाटत गेल्या. म्हणूनच अशी दैनंदिन नोंद हा केवळ छंद न राहता स्थानिक इतिहासाचे अनमोल साधन ठरते.