नोंदवहीतून जन्मलेले शास्त्र

शाळेच्या प्रवेशपत्रिकेत 'मातृभाषा' असा एक रकाना असतो. आमची बदली उत्तरेकडील एका शहरात झाली, तेव्हा चिरंजीवांच्या नव्या शाळेची पत्रिका भरावयास आम्ही त्यांनाच बसविले. नाव, जन्मतारीख, वडिलांचा हुद्दा हे सारे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले, आणि मातृभाषेच्या रकान्यात 'हिंदी' असे लिहून मोकळे झाले. आमच्या घरात मराठीच बोलली जाते. चिरंजीवही जेवताना, भांडताना, आजारपणात कण्हताना मराठीचाच आश्रय करतात. 'असे का लिहिलेस?' या प्रश्नास 'वर्गात सगळे हेच लिहितात' एवढेच उत्तर मिळाले. सौभाग्यवतींच्या मनास ते फार लागले.

आम्ही कारकुनी पेशातले. दुसऱ्यांनी भरलेले रकाने तपासण्यातच आमचा दिवस जातो. परंतु त्या दिवशी प्रथमच एका रकान्याने आम्हांस विचारात पाडले. ही चूक कोणाची? मुलाची, आमची, शाळेची, की दर चार वर्षांनी होणाऱ्या बदल्यांची? आणि मुळात ही चूक तरी आहे काय? मनुष्य जे स्वतःच्या इच्छेने केले असे समजतो, त्यात समाजाचा वाटा किती, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणाऱ्या शास्त्राला समाजशास्त्र म्हणतात. त्या शास्त्राची ओळख करून घेताना आम्हांस असे आढळले की, त्याच्या उगमाशी आमच्यासारख्यांनीच लिहिलेल्या नोंदवह्या आहेत. म्हणून हा लेख.

समाजाविषयी विचार करणारे पुरुष प्राचीन काळीही होते. कौटिल्याने राज्यव्यवहाराचा बारकाईने विचार केला. उत्तर आफ्रिकेतील इब्न खल्दून याने १३७७ साली लिहिलेल्या आपल्या इतिहासग्रंथाच्या प्रस्तावनेत, टोळ्यांमधील एकजूट कशी वाढते आणि राजवैभवात ती कशी विरते, याची मीमांसा केली. तथापि स्वतंत्र शास्त्र म्हणून समाजशास्त्र जन्मास आले ते एकोणिसाव्या शतकातील युरोपात. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने राजा, सरदार आणि धर्मपीठ यांचा जुना अधिकार उखडून टाकला होता. यंत्रयुगाने खेड्यांतील माणसे उचलून कारखान्यांच्या शहरांत आणून टाकली होती. जुनी घडी मोडली, मग समाज एकत्र राहतो तरी कशाच्या बळावर, हा प्रश्न त्या पिढीपुढे उभा राहिला.

ऑग्युस्त कोंत (१७९८–१८५७) या फ्रेंच विचारवंताने उत्तर दिले की, निसर्गाप्रमाणे समाजालाही नियम आहेत आणि निरीक्षणाने ते शोधता येतील. या नव्या विद्येस तो आरंभी 'सामाजिक भौतिकी' म्हणत असे. परंतु ब्रुसेल्स येथील केतले या खगोलशास्त्रज्ञाने १८३५ साली तेच नाव आपल्या ग्रंथास दिले. कोंतला हे रुचले नाही आणि १८३९ साली त्याने 'सोसिऑलॉजी' हा नवा शब्द घडविला. अर्धा लॅटिन व अर्धा ग्रीक असा हा संकर भाषापंडितांना खटकला. परंतु नाव टिकले.

कोंतने शास्त्राला नाव दिले. केतलेने त्याला साहित्य पुरविले, असे म्हणावयास हरकत नाही. फ्रान्सच्या न्यायखात्याने १८२७ पासून गुन्ह्यांचे वार्षिक तक्ते प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता. केतलेने ते पाहिले आणि तो चकित झाला. गुन्हेगार दरवर्षी निराळे. तरी गुन्ह्यांची संख्या वर्षानुवर्षे जवळजवळ तीच. ग्रहगती मोजणाऱ्या या गृहस्थाला मनुष्यांच्या गर्दीतही तशीच नियमितता दिसली. ती दाखविणारी दुर्बीण म्हणजे सरकारी कचेरीतील तक्ता होता.

याच दुर्बिणीचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग एमिल दुर्खीम (१८५८–१९१७) याने केला. आत्महत्येइतकी खासगी कृती दुसरी नाही असे आपण मानतो. दुर्खीमने मुद्दाम तीच निवडली. त्याचा भाचा मार्सेल मोस याने सुमारे २६,००० आत्महत्यांच्या सरकारी नोंदी वय, लिंग, विवाह आणि अपत्ये यांनुसार निवडून लावल्या. आम्हांस या भाच्याविषयी विशेष आपुलकी वाटते. मामाच्या कीर्तीच्या पायाशी त्याची कारकुनी आहे. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दुर्खीमने दाखविले की, कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांमध्ये आणि विवाहितांपेक्षा अविवाहितांमध्ये आत्महत्येचे प्रमाण अधिक असते. आर्थिक संकटात ते वाढते, परंतु अचानक आलेल्या भरभराटीतही वाढते. आणि राष्ट्रावर संकट आले की उलट घटते. दारिद्र्य किंवा वेड यांनी या साऱ्याचा उलगडा होत नाही. माणूस आपल्या समूहाशी किती घट्ट बांधलेला आहे आणि त्याच्या इच्छांना समाजाचे बंधन किती आहे, यावर हे प्रमाण अवलंबून असते, असा त्याचा सिद्धान्त. समाज म्हणजे व्यक्तींची बेरीज नव्हे, व्यक्तीला बाहेरून वळण लावणारी ती एक शक्ती आहे, हा त्याच्या सर्व लेखनाचा गाभा होय. प्रत्येक संस्था समाजाला एकत्र ठेवण्याचे कोणते कार्य करते, हे पाहणारा कार्यवादी दृष्टिकोन पुढे याच विचारातून वाढला. अमेरिकेत टॅल्कट पार्सन्स आणि रॉबर्ट मर्टन यांनी त्यास पूर्णत्व दिले.

दुसरा दृष्टिकोन संघर्षाचा. त्याचा उद्गाता कार्ल मार्क्स (१८१८–१८८३) स्वतःस समाजशास्त्रज्ञ म्हणवीत नसे. परंतु त्याच्यावाचून या शास्त्राचा इतिहास लिहिता येत नाही. त्याच्याही मेजावर सरकारी कागदच होते. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयात बसून त्याने कारखाना-निरीक्षकांचे अहवाल वाचून काढले. मुले किती तास राबतात, जेवणाच्या सुट्टीतून मालक मिनिटे कशी कापतो, हे त्या अहवालांत नोंदलेले होते. लेनर्ड हॉर्नर या निरीक्षकाच्या कामाचा तर मार्क्सने मुक्तकंठाने गौरव केला आहे. १८६७ च्या 'भांडवल' ग्रंथातील कामाच्या दिवसावरील प्रकरण या अहवालांवाचून लिहिलेच गेले नसते. दुर्खीमला तक्त्यात समाजाची बांधणी दिसली, मार्क्सला त्यात दोन वर्गांची झुंज दिसली. उत्पादनाची साधने ज्याच्या हाती, त्याचेच विचार त्या काळाचे प्रमाण विचार ठरतात, असे त्याचे म्हणणे. समाज एकत्र दिसतो तो सर्वांच्या संमतीने की कोणाच्या तरी वर्चस्वाने, असा प्रश्न हा दृष्टिकोन प्रत्येक ठिकाणी विचारतो.

तिसरा आचार्य माक्स वेबर (१८६४–१९२०). आम्हां नोकरदारांचे यथार्थ चित्र त्यानेच रेखाटले आहे. ठरलेला अधिकार, वरिष्ठ-कनिष्ठांची उतरंड, लेखी दप्तर, परीक्षेने नेमणूक, नियमित पगार, आणि घर व कचेरी यांची फारकत, ही नोकरशाहीची लक्षणे त्याने सांगितली. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर हायडेलबर्ग येथील लष्करी रुग्णालयांच्या व्यवस्थेचे काम त्याने सुमारे वर्षभर पाहिले. तेव्हा हे सारे त्याने केवळ ग्रंथांतून जाणले होते असे नव्हे. नोकरशाहीत वशिल्याऐवजी नियम चालतो हा तिचा गुण त्याने ओळखला. परंतु नियमांच्या या चौकटीत मनुष्य बंदिस्त होईल ही धास्तीही बोलून दाखविली. त्याच्या पद्धतीचे मर्म असे की, माणसाची कृती मोजून भागत नाही; तो त्या कृतीला कोणता अर्थ देतो हे उमजले पाहिजे. भांडवलशाहीच्या वाढीस प्रॉटेस्टंट पंथीयांच्या धर्मभावनेने हातभार लावला, हा १९०४–०५ मधील त्याचा प्रसिद्ध निबंध याच पद्धतीचे उदाहरण आहे.

अर्थाचा हा धागा अमेरिकेत आणखी पुढे नेण्यात आला. जॉर्ज हर्बर्ट मीड याने 'मी कोण' ही जाणीव इतरांच्या नजरेतून घडते असे प्रतिपादिले. त्याच्या विचाराला हर्बर्ट ब्लूमर याने १९३७ मध्ये प्रतीकात्मक आंतरक्रियावाद असे नाव दिले. याच दृष्टीने पुढे दुर्खीमच्या तक्त्यांकडेही पाहण्यात आले. १९६७ मध्ये जॅक डग्लस याने विचारले की, एखादा मृत्यू आत्महत्या आहे हे ठरवितो कोण? मृताचे आप्त बदनामीच्या भयाने गोष्ट लपवितात. अधिकारी आपल्या समजुतीप्रमाणे निर्णय देतो. कारकून तो रकान्यात उतरवितो. मग ज्या समूहाची वीण घट्ट, तेथे आत्महत्या खरोखरच कमी, की त्या लपविण्याची तत्परता अधिक? दुर्खीमचे मोठेपण याने उणावत नाही. परंतु ज्या नोंदीला शास्त्राने निसर्गातील वस्तूप्रमाणे मानले, तीही माणसांनी घडविलेली असते, हे तेव्हापासून विसरता येईनासे झाले.

हे सत्य हिंदुस्थानात तर ठळकपणे दिसून येते. आपल्याकडे पहिली जनगणना १८७१–७२ मध्ये झाली आणि १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी होऊ लागली. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची नुसती मोजणी न करता, लोकमताप्रमाणे त्यांची सामाजिक श्रेष्ठतेनुसार क्रमवारी लावण्याचा घाट घातला. परिणाम असा की, आपणांस वरचे स्थान मिळावे म्हणून जातिजातींचे अर्ज सरकारदरबारी येऊन पडले. त्यासाठी जातिसभा पुढे सरसावल्या, पूर्वजांचे नवे इतिहास लिहिले गेले. जी गोष्ट केवळ मोजावयाची होती, तिला मोजणीनेच चेतविले. मालवणात जन्मलेले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या जातिविषयक ग्रंथात जनगणनेच्या या परिणामावर बोट ठेवले. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केलेल्या समाजशास्त्र विभागाची धुरा १९२४ पासून घुर्ये यांच्याकडे होती, आणि इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास यांच्यासारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले.

त्याही आधी मराठी माणसाने या शास्त्रात प्रवेश केला होता. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात असताना १९०९ मध्ये हिंदुस्थानातील जातींचा इतिहास लिहिला. हेच पुढे ज्ञानकोशकार झाले. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. त्यात रिस्ले आदींच्या व्याख्यांबरोबर केतकरांच्या व्याख्येचीही त्यांनी आदराने चिकित्सा केली आणि जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असा सिद्धान्त मांडला. रिस्ले जातीकडे रकाना म्हणून पाहत होते; आंबेडकरांनी रकान्याची भिंत कशाने उभी राहते ते दाखविले. १९३१ नंतर सर्व जातींची तपशीलवार आकडेवारी प्रसिद्ध झाली नाही. १९५१ पासून अनुसूचित जाती व जमातींचीच मोजणी होत आली. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने पुढील जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. नोंद घेतल्याने भेद दृढ होतो, की नोंद न घेतल्याने अन्याय झाकला जातो, हा वाद जुनाच आहे; आणि वाचकांच्या ध्यानी आलेच असेल की, त्याच्या दोन्ही बाजूंस वर सांगितलेलेच दृष्टिकोन उभे आहेत.

आता पुनः आमच्या घरच्या रकान्याकडे वळतो. दुर्खीमला विचारावे तर तो म्हणेल, मुलाला नव्या वर्गाशी बांधले जाण्याची गरज होती. 'सगळे हेच लिहितात' यातच समाजाची शक्ती प्रकट झाली. मार्क्सच्या वाटेने जाणारा म्हणेल, कोणत्या भाषेने नोकरी मिळते आणि कोणती भाषा घरापुरती उरते, हे पाहा. वेबर विचारेल, 'हिंदी' लिहिताना त्या मुलाच्या मनात काय होते? मीड म्हणेल, सोबत्यांच्या डोळ्यांत स्वतःला पाहूनच त्याने ते उत्तर दिले. आम्हांस यांपैकी एकही उत्तर खोटे वाटत नाही, आणि एकाने पुरतेही समाधान होत नाही. एकच घटना चार बाजूंनी पाहावयास शिकविणे, हाच या शास्त्राचा आम्हांस झालेला लाभ.

आणखीही एक लाभ झाला. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा मराठी नोंदली गेली. हा आकडा आम्ही अभिमानाने सांगत आलो. परंतु आपल्यासारख्या, मुलुखाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांपुरते बोलावयाचे, तर त्यातील एकेक आकडा कोणाच्या तरी दाराशी, एका प्रश्नाच्या उत्तरातून निर्माण झालेला असतो. लहानपणी आईने ज्या भाषेत त्या व्यक्तीशी बोलावे ती मातृभाषा, अशी जनगणनेची व्याख्या आहे. व्याख्या स्पष्ट आहे. पण उत्तर देणारा मनुष्य व्याख्या वाचून उत्तर देत नाही.

त्या दिवशी आम्ही पत्रिकेतील 'हिंदी' हा शब्द खोडून 'मराठी' असे लिहिले आणि शेजारी सही केली, कचेरीत करतो तशी. चिरंजीव नुसते पाहत राहिले. कागद दुरुस्त झाला. पण त्यांच्या मनातील रकाना आमच्या सहीने बदलला असे आम्हांस वाटत नाही. म्हणून आम्ही उभयतांनी ठरविले आहे की, पुढील जनगणनेचा प्रगणक दाराशी येईल, तेव्हा चिरंजीवांच्या भाषेचा प्रश्न त्यांनाच विचारावयास सांगावे आणि आपण मध्ये बोलू नये. सौभाग्यवती रोज रात्री त्यांना मराठी गोष्ट सांगतात. ते काय उत्तर देतील, हे मात्र आम्हांस आज सांगता येत नाही.